वाघाची उजवी बाजू

वनखात्याच्या आमच्या नकाशा कक्षात पाहुणा आला की चहाच्या आधी त्याचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "वरून वाघ दिसतो का हो?" उपग्रह म्हटलं की लोकांना वाटायचं, ही बाई चंद्रपुरात खुर्चीवर बसून वाघाच्या मिशा मोजते. एका गृहस्थांनी मला त्यांच्या मेव्हण्याच्या प्लॉटवर सध्या कोण बसलंय ते बघून सांगायला फर्मावलं होतं. राजुऱ्याकडचे एक म्हातारेबुवा हरवलेली म्हैस शोधायला आले होते. मी म्हटलं, आमच्या चित्रात वाघही दिसत नाही, म्हैस कुठून दिसेल? ते म्हणाले, "म्हैस वाघापेक्षा मोठी राह्यते, बाई." त्यांचं चुकलं नव्हतं, तरी त्यांना रिकाम्या हातानं परत जावं लागलं.

वाघ वरून दिसत नाही. जंगल दिसतं, आणि तेही आपल्या डोळ्यांना दिसतं तसं नाही. हिरव्या पानावरून एक प्रकाश परततो, तो माणसाला दिसत नाही. उपग्रहाला दिसतो. आम्ही तो लाल रंगात मांडतो, म्हणून आमच्या पडद्यावर रसरशीत पान लालभडक आणि वाळलेला साग राखाडी. उन्हाळ्यात सागाचं अख्खं जंगल राखेसारखं होतं आणि त्यात नाल्याकाठची झाडं तेवढी लाल रेघ होऊन उरतात. त्या रेघेला सावली असते, सावलीखाली ओल असते, आणि चैत्रात वाघ दुपारी तिथेच पडून असतो. इतकं समजलं की माझ्या नोकरीतलं निम्मं समजलं.

उरलेलं निम्मं म्हणजे ट्रॅप कॅमेरे. झाडाला बांधलेला डबा. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की फोटो निघतो. असे फोटो इतके यायचे की माणसानं बघत बसलं तर डोळे जातील. मग संगणकाला शिकवलं. हा चितळ, हे अस्वल, हा माणूस, हा वाघ. नंतर पट्ट्यांवरून कुठला वाघ, तेही शिकवलं. पट्टे म्हणजे वाघाच्या बोटांचे ठसेच. मी खात्यात आले तेव्हा ट्रेसिंग कापडावर शाईनं नकाशे काढायचे. निवृत्त झाले तेव्हा संगणक मला सांगत होता की तुझा कुठला वाघ कुठे फिरतोय. तो चुकायचाही. एका गावाच्या कडेला दोरीवर वाळत घातलेल्या चट्ट्यापट्ट्याच्या चादरीला त्यानं वाघ ठरवलं, गावात इशाऱ्याचा भोंगा वाजला, आणि चादरीची मालकीण कितीतरी दिवस आमच्या लोकांशी बोलत नव्हती.

पण सांगायचं आहे ते वेगळंच.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्हा संपता संपता जो पट्टा आहे, त्यातलं ते धानाचं गाव. तिन्ही बाजूंना जंगल. मोहफुलाचे दिवस होते. मोह पहाटे गळतो आणि उन्हं तापायच्या आत वेचावा लागतो, म्हणून बाया उजाडताच टोपलं घेऊन निघतात. अशाच एका सकाळी शेवंता मोहुर्ले नावाची बाई गेली ती परत आली नाही. सापडली तेव्हा तिच्या नवऱ्याला, बाबुरावला, लोकांनी जवळ जाऊ दिलं नाही.

त्या भागात एक वाघीण होती. वनरक्षक तिला झरीवाली म्हणायचे. तीन पिल्लं होती तिची, अजून शिकार न शिकलेली. माणसांच्या वाटेला ती कधी गेली नव्हती, पण गावाला एवढंच माहीत होतं की वाघीण आहे आणि बाई गेली आहे.

घटनेच्या जागेजवळच्या वाटेवर आमचा एक कॅमेरा होता. त्यात त्या सकाळचा एका वाघाचा फोटो मिळाला. मला लॅपटॉप घेऊन गावात बोलावलं. शाळेचा एक वर्ग रिकामा करून दिला होता. आमच्या विभागाच्या मॅडम तिथेच होत्या. रेंजर धोटे होते, आणि बेशुद्धीचं इंजेक्शन मारणारे डॉक्टर आपली गाडी घेऊन जंगलाच्या तोंडाशी थांबले होते. ड्रोननं झरीवालीला बांबूत हेरलं होतं. वरिष्ठांकडून पकडण्याची परवानगी आली होती, पण ती घटनास्थळाच्या फोटोतल्या वाघासाठी होती. तो वाघ म्हणजे झरीवालीच, एवढं मी म्हणायचं बाकी होतं.

मी फोटो संगणकाला दिला. त्यानं झरीवालीचं नाव दिलं.

"झालं तर मग," धोटे म्हणाले आणि वॉकीटॉकी उचलली.

"थांबा, साहेब."

संगणकानं नाव दिलं होतं, पण त्या नावापुढचा जुळणीचा आकडा अर्धवट होता. खात्रीचा नव्हता आणि फेकून देण्यासारखाही नव्हता. या यंत्राची एक खोड सांगते. तुम्ही विचारता, हा कोणासारखा दिसतो? ते त्याच्या ओळखीतला सगळ्यांत जवळचा चेहरा काढून देतं. 'हा माझ्या ओळखीतलाच नाही' असं ते आपणहून म्हणत नाही. ते माणसानं ओळखायचं असतं.

मी झरीवालीचा जुना फोटो शेजारी लावला. तिच्या उजव्या मांडीवर एक पट्टा खाली येऊन दोन बोटांत फुटतो, चिमट्यासारखा. नव्या फोटोतल्या वाघाच्या मांडीवर चिमटा नव्हता. दोन पट्टे सरळ खाली गेलेले. फोटो हललेला होता, चिखल असेल, सावली असेल, असं सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चिमटा नव्हता.

"ही झरीवाली नाही," मी म्हटलं.

"मग कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

खरी अडचण इथेच होती. वाघाच्या दोन अंगांवरचे पट्टे सारखे नसतात. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, एकदम दोन्ही अंगं मिळावीत म्हणून. घटनेच्या जागेवरचा समोरचा कॅमेरा गुरांनी धडक देऊन पाडला होता, त्यामुळे आमच्याकडे फक्त उजवी बाजू होती. त्या भागात गेल्या हिवाळ्यात एक तरुण नर फिरताना दिसला होता. त्याचा एकच फोटो होता, आणि तो डाव्या बाजूचा. डावी उजवीशी कशी जुळवणार?

"मेश्राम, तुम्ही ठामपणे सांगताय?"

"मॅडम, ही झरीवाली नाही एवढं ठामपणे सांगते. तो नर असावा असं वाटतं, पण ते ठामपणे सांगता येत नाही."

धोटे वाईट माणूस नव्हते. ते खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले, "बाहेर बघा जरा. आपण आज काहीही न पकडता निघालो, तर ही माणसं आपल्याला निघू देतील?"

शाळेचं पटांगण भरलं होतं. आत बोललेलं बाहेर पोचलं असावं, कारण आवाज वाढला आणि जीपच्या काचेवर दगड बसला.

"बाहेर हे कोण सांगणार?" मॅडमनी विचारलं.

"मी सांगते," मी म्हटलं. धीट होते म्हणून नाही. माझं म्हणणं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते अर्ध्यातच मोडलं असतं.

मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर आले. एक जण पुढे येऊन म्हणाला, "तुमाले वाघाचा लय पुळका हाये. आमच्या बाया मरून राह्यल्या, अन् तुमी टीव्ही पाहून राह्यले आतमंदी." मागून कोणी म्हणालं, "वाघीण सामने हाये तं पकडत काऊन नाई?" मी खाली बसले.

बाबुराव ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. मी लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

"भाऊ, हे झरीवाली हाये. अन् हा त्या दिवशीचा फोटो. तुमीच पाहा."

लोक त्याच्या खांद्यावरून वाकले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग झरीवालीच्या मांडीवर बोट ठेवून म्हणाला, "इथी चिमटा हाये." दुसऱ्या फोटोवर बोट नेलं. "इथी नाई."

"नाई."

"मंग हे ते नव्हं."

"नव्हं, भाऊ."

"तुमाले खात्री हाये?"

"हे नव्हं, याची खात्री हाये. कोण होता, ते मले शोधा लागीन."

तो उठला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "दुसऱ्यालेच पकडून नेतीन, अन् माह्या बायकोले ज्यानं नेलं तो इथीच राहीन. उद्या बाया पुन्हा मोह वेचाले जातीन. मंग कोणाच्या घरची?" तो माझ्याकडे वळला. "शोधा, बाई. पण लवकर शोधा. लोकायले मी किती रोखू?"

डॉक्टरांची गाडी बांबूच्या कडेवरून मागे घेतली. गावात दवंडी दिली की जंगलात कोणी जायचं नाही. पण मोह गळत होता, आणि तो घरात बसून वेचता येत नाही. आमच्याकडे वेळ फार नव्हता.

मी वर्गात बसून उपग्रहाचं ताजं चित्र उघडलं. संगणकाला सांगितलं, गावाच्या आसपास जिथे अजून ओल आहे अशा जागा काढ. बहुतेक जागा ओळखीच्या होत्या. तिथे झरीवाली आणि पिल्लं पाणी प्यायची, म्हणजे नवखा नर तिथे राहणार नाही. एक ठिपका मात्र वेगळा पडला होता. नाल्याच्या वरच्या अंगाला एक बोडी होती. बोडी म्हणजे धानासाठी बांधलेलं छोटं तळं. कागदोपत्री ती फुटून कधीच कोरडी पडली होती, पण चित्रात तिच्याभोवती लाल कडं दिसत होतं. कुठून तरी झिरपा असणार.

तिथे कॅमेरे बांधायचे होते आणि कुठल्या बाजूनं बांधायचे हे मला पाहायचं होतं. म्हणून मीही गेले. वनरक्षक कुमरे पुढे, मागे काठ्या घेतलेले तिघे, मध्ये मी. एरवी मी जंगल वरून पाहिलेलं. खालून ते फार जवळ येतं. वाळलेलं सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडत होतं आणि प्रत्येक आवाज मला माझ्याचकडे बोट दाखवतोय असं वाटत होतं.

बोडीच्या अलीकडे वानर ओरडलं. कुमरेनं हात वर केला. आम्ही उभे राहिलो. वानर पुन्हा ओरडलं, आणि मग सगळं इतकं शांत झालं की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

"पाहून राह्यला आपल्याले," कुमरे ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"कुठून?"

"ते मले मालूम नाई. पण वानराले मालूम हाये. पाठ दाखवू नका."

आम्ही गोळा होऊन उभे राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग वानराचा आवाज लांब सरकला आणि कुमरेनं श्वास सोडला. बोडीच्या काठी ओलसर मातीत पंजा उमटलेला होता, इतका ताजा की त्यात पाणी अजून भरत होतं. मोठा, चौकोनी. नराचा. कॅमेरे समोरासमोर बांधले. फोटो मोबाईलच्या नेटवर्कवरून सरळ माझ्या लॅपटॉपवर येणार होते. आम्ही शाळेत परतलो.

फोटो लगेच आला नाही. मॅडमना वरून फोन येत होते. गावातली पोरं रस्त्यावर लाकडं टाकून बसली होती. मी पडद्यासमोर बसून होते आणि मोर, रानडुक्कर, पुन्हा मोर बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहुर्ल्यांच्या घरचे राख सावडायला स्मशानघाटावर गेले. घाट नाल्यावर आहे. बरोबर कुमरेला दिलं होतं. ते जाऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात लॅपटॉपवर एकापाठोपाठ दोन फोटो आले.

एकात डावी बाजू, दुसऱ्यात उजवी. डावी हिवाळ्यातल्या त्या नराशी जुळली. उजवी घटनेच्या जागेवरच्या फोटोशी जुळली. यावेळी आकड्यात अर्धवटपणा नव्हता, आणि मी डोळ्यांनीही पाहिलं. दोन सरळ पट्टे. तोच.

आनंद व्हायला हवा होता. पण मी फोटोतली दिशा पाहिली. तो बोडीवरून नाल्याच्या पात्रात उतरून खालच्या अंगाला निघाला होता. नाला खाली स्मशानघाटाला वळसा घालून जातो.

कुमरेला फोन लावला. लागेना. घाट खोलगट जागी आहे, तिथे नेटवर्क पोचत नाही. धोटे जीपकडे धावले, मी मागोमाग चढले. डॉक्टरांना त्यांच्या गाडीनं यायला सांगितलं. मॅडम फोनवर वरच्या साहेबांशी बोलत होत्या, "दोन्ही बाजू जुळल्यात, सर, दोन्ही," असं परत परत सांगत होत्या.

घाट दिसला तशी धोटेंनी जीप हळू केली. ड्रायव्हर हॉर्न द्यायला गेला, त्याचा हात त्यांनी धरला. माणसं घाबरून पळाली असती आणि पळणाऱ्यांपैकी निम्मी नाल्याकडेच गेली असती. आम्ही चालत खाली गेलो. बाबुराव राखेत वाकून अस्थी वेचत होता. बाया बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीजवळ बसल्या होत्या. कुमरेनं धोटेंचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बायांना ट्रॉलीत चढवायला सुरुवात केली.

मी बाबुरावजवळ बसले. "भाऊ, उठा लागते. तो नाल्यानं येऊन राह्यला."

त्यानं मान वर केली नाही. "तोच काय?"

"तोच."

"थोड्या राह्यल्या. एवढ्या घेतो."

मला त्याचा दंड धरून ओढावंसं वाटत होतं. माझे डोळे नाल्याच्या वळणावर होते. तिथली करंजीची झाडं गच्च हिरवी होती आणि त्यांच्याखाली काहीच दिसत नव्हतं. त्यानं वेचलेलं कापडात ठेवलं, गाठ बांधली, गाठ ओढून पाहिली आणि उठला. आम्ही चाललो. पळायचं नाही, असं धोटे मागून हळू आवाजात सांगत होते. बाबुराव ट्रॉलीत चढला आणि मी जीपमध्ये. मग वळणावरची पानं हलली.

तो बाहेर आला आणि पाण्याच्या डबक्यापाशी थांबला. आमच्याकडे पाहिलं. ट्रॉलीतल्या एका बाईनं पदर तोंडात धरला होता. तो वाकून पाणी प्यायला लागला. डॉक्टरांची गाडी उतारावर येऊन थांबली. बंदुकीचा आवाज टाळी वाजवल्याएवढाच झाला. वाघ दचकून उडाला, करंजीत घुसला. मग वाट पाहणं आलं. औषध चढायला वेळ लागतो आणि त्या वेळात तो कुठे गेला हे कोणालाच माहीत नसतं. धोटेंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते पुसत नव्हते.

तो झाडांच्या पलीकडच्या कडेला पडलेला सापडला. डॉक्टरांनी डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं आणि मला हाक मारली. हातात फोटो घेऊन मी गुडघ्यावर बसले. आधी डावी बाजू पाहिली. मग चौघांनी त्याला उलटवला आणि उजवी पाहिली. मी त्या दोन सरळ पट्ट्यांवर हात ठेवला. इतकी वर्षं पडद्यावर पाहिलेली वस्तू गरम होती आणि खालीवर होत होती.

"तोच आहे," मी म्हटलं.

पिंजऱ्यात घालायच्या आधी बाबुरावला त्याला पाहायचं होतं. त्याला येऊ दिलं. तो उभा राहिला, अस्थींचं गाठोडं तसंच छातीशी. शिवी देईल, रडेल, असं आम्हाला वाटलं. तो म्हणाला, "पोट खपाटीले गेलं याचं." आणि परत फिरला.

तो वाघ आता कायमचा गजाआड आहे. झरीवालीची पिल्लं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली. खात्यात माझं कौतुक झालं, ते मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पण नंतर मी त्या भागाची जुनी चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. हा नर ज्या बाजूनं आला असावा तिथे आधी जंगलाची सलग पट्टी होती. मग कालवा झाला, मग रस्ता रुंद झाला, मग खाणीचा काळा डाग वाढत गेला. शेवटच्या चित्रात ती पट्टी तुटलेल्या दोरीसारखी दिसते. तो आत आला आणि परत जायला त्याला वाटच उरली नव्हती. हे सगळं माझ्या संगणकात दर वर्षी साठत होतं. मी त्याचे अहवाल रंगीत छापून पाठवत होते. कोणाच्या तरी कपाटात ते असतील.

पावसाळ्याआधी बाबुराव चंद्रपूरला ऑफिसात आला. माझ्या टेबलापाशी उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसेना.

"बाई, त्या डब्ब्यात तिचाबी फोटो आला असन ना? ते त्याच वाटेनं गेली होती."

आला होता. माणसांचे फोटो संगणक आपोआप वेगळे काढतो आणि ठरावीक काळानं ते पुसले जातात. जंगलात कोण माणूस कधी गेला, हे कोणाला दाखवायचं नाही असा नियम आहे, आणि तो चांगला नियम आहे. मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "नवरा आहे तो तिचा. द्या."

मी फोटो पडद्यावर उघडला. शेवंता वाटेच्या मधोमध होती. डोक्यावर टोपलं, एक हात वर करून धरलेलं. झाडावरच्या डब्याकडे तिचं लक्ष गेलं असावं, कारण चालता चालता मान वळवून ती सरळ आमच्याकडे पाहत होती आणि हसू दाबत होती.

बाबुरावनं डोळे बारीक केले. "गाव कोणत्या बाजूनं येते याच्यात?"

"ते चालून राह्यली, त्या बाजूनं."

"टोपलं भरलेलं हाये."

"हो."

"गावात बोलून राह्यले लोक, लोभापायी लय अंदर गेली म्हणून. सासूबी मले तेच बोलली, काऊन जाऊ दिलं म्हणून." त्यानं पडद्याला हात लावला नाही, जवळ नेऊन थांबवला. "हे तं वापस येऊन राह्यली होती."

मी फोटो छापून दिला. मोठा करून देऊ का, म्हणून विचारलं.

"नको जी," तो म्हणाला. "घराकडे येऊन राह्यली होती, एवढं दिसते याच्यात. बस झालं."